पगारावर खर्च होतो आणि तो व्हायलाच हवा

सन्माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रुग्णांसाठी काम करणाऱ्या सेवाभावी संस्थांबद्दल एका वाचकाचं पत्र आपण गेल्या आठवड्यात छापलं. देणगीतले किती पैसे रुग्णापर्यंत पोचतात आणि किती कचेरीत, फोनच्या बिलात, पगारात जिरतात, असा त्यांचा सवाल आहे. शेवटी ‘सेवाच करायची तर पगार कशाला?’ असा टोलाही आहे. सवाल रास्त आहे, तो प्रत्येक देणगीदारानं विचारावा. टोल्याबद्दल मात्र थोडं लिहायचं आहे. पत्र लांबेल, हवं तर कात्री लावा.

मी निवृत्त सरकारी कर्मचारी. सगळी नोकरी लेखा खात्यात, दुसऱ्यांची व्हाउचरं तपासण्यात गेली. सध्या गोव्यात डिचोली तालुक्यातल्या एका लहान संस्थेचा खजिनदार आहे. ल्युपस, आमवात आणि पाठीचा कणा आखडवणारा अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस, या तीन आजारांच्या लोकांची ही संस्था. नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर पत्राची जाहिरात व्हायची. मला स्वतःला यातलं काही नाही. आमच्या सूनबाईला ल्युपस आहे, तिच्यामुळे या मंडळींशी ओळख झाली. मला हिशेब येतो हे कळल्यावर त्यांनी मला सोडलंच नाही.

हे आजार संसर्गाचे नव्हेत. शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर, कातडीवर, मूत्रपिंडांवर उलटते. औषधांनी आटोक्यात राहतात, मुळातून जात नाहीत. ल्युपस झालेल्या दहा माणसांत साधारण नऊ बायका असतात आणि बहुतेकींना तो ऐन उमेदीच्या वयात गाठतो. बाहेरून बघणाऱ्याला काही दिसत नाही, हीच यातली मोठी पंचाईत.

आमच्या अध्यक्षबाई साखळीकडच्या. घरी शिवणकाम करतात. ऊन लागलं की ल्युपस उसळतो, म्हणून त्या आभाळ भरलेलं असलं तरी छत्री उघडूनच बाहेर पडतात, अंगात कायम लांब बाह्यांचा ब्लाउज. गावात त्यांना ‘मडमीण’ म्हणतात. स्टेरॉइड वाढवलं की त्यांचा चेहरा गोल फुगतो. नेमक्या त्याच दिवसांत बाजारात भेटलेली माणसं सांगतात, ‘तब्येत सुधारली हां तुमची!’ बाई हसून ‘देवाची कृपा’ म्हणतात आणि पुढे जातात.

सचिव तिशीतला मुलगा, कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर काम करतो. त्याचा आजार उलटा. इतरांना विश्रांतीनं बरं वाटतं, त्याचा कणा बसून राहिलं की आखडतो, हिंडतंफिरतं राहिलं तर सैल होतो. डिचोलीहून पणजीला जाताना बस रिकामी असली तरी हा दांडीला धरून उभा. कंडक्टर ओरडतो, ‘अरे बस ना, जागा आहे!’ आता नेहमीचे कंडक्टर काही बोलत नाहीत, पण बदली आला की पुन्हा पहिल्यापासून.

आणि फोन उचलणाऱ्या आमच्या वहिनी. त्यांना आम्ही सगळेच वहिनी म्हणतो, अध्यक्षबाईसुद्धा. आमवातानं दोन्ही हातांची बोटं बाहेरच्या बाजूला कलली आहेत. पेनाला जुन्या सुती लुगड्याची चिंधी गुंडाळून जाड केलंय, तरच ते धरता येतं. गोळ्यांचं पाकीट कात्रीनं कापून उघडतात. या आजारात सकाळी सांधे धरलेले असतात, तास-दीड तास हात चालत नाहीत, म्हणून आमचा फोन अकराशिवाय सुरू होत नाही. सकाळी आठला फोन करून ‘कोणी उचलत नाही’ अशी तक्रार करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. वहिनींना महिन्याला आठ हजार रुपये मिळतात. अर्ध्या दिवसाचे. आपल्या वाचकानं ज्या पगारावर बोट ठेवलंय, तो आमच्या संस्थेपुरता हा, आणि नुकत्याच आलेल्या एका शिकाऊ मुलीचा, तिच्याबद्दल शेवटी. बाकी कोणी पैसा घेत नाही, मीही नाही. पण ते मी अभिमानानं सांगत नाहीये, का ते पुढे येईल.

एका संध्याकाळची गोष्ट. मी व्हाउचरं लावत बसलो होतो. शेजारच्या सत्तरी तालुक्यातून एका बाईचा फोन आला. आमवाताचं औषध नुकतंच सुरू झालेलं. तिची चौकशी वेगळीच होती: तोंड आलंय, घास गिळवत नाही, उष्णता झाली असेल, तर सब्जाचं पाणी चालेल का? दुसरं कोणी असतं तर ‘हो, घ्या’ म्हणालं असतं. वहिनींनी विचारलं, ‘बाय, ती पिवळी गोळी कुठल्या वाराला घेतेस?’

पलीकडून उत्तर आलं, ‘वार कसला? रोज रात्री जेवून घेते की.’

ही गोळी म्हणजे मेथोट्रेक्सेट. आमवातावरचं हे जुनं, भरवशाचं आणि स्वस्त औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं तर रक्तपेशी घटत जातात, तोंडाला फोड येतात, माणूस दगावूही शकतो. जगभर ही चूक होत आलेली आहे. कारण आपल्याला बाकी सगळी औषधं रोज घ्यायची सवय, चिठ्ठीवरचं अक्षर न लागणारं आणि समजावून सांगायला कुणाला वेळ नसलेला. वहिनींनी आजची गोळी घेऊ नको म्हणून बजावलं, घरात पुरुषमाणूस कोण आहे ते विचारून त्याला फोनवर घेतलं, तिच्या डॉक्टरांचा नंबर मागून त्यांना स्वतः लावला आणि ती बाई रातोरात बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, पोचेपर्यंत दर थोड्या वेळानं फोन करत राहिल्या. बाई वाचली. आता ती आमची सभासद आहे, दर चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, वहिनींकडे नेवऱ्यांचा डबा पाठवते.

आता ही घटना मी हिशेबात कुठे लिहिली? दूरध्वनी खर्च. म्हणजे प्रशासकीय खर्च. वहिनींचा त्या संध्याकाळचा पगारही प्रशासकीय खर्च.

आणि त्याच वर्षी एका दानशूर गृहस्थांनी वाढदिवसानिमित्त आमच्या रुग्णांना फळवाटप केलं. टोपलीत केळी, मोसंबी आणि प्रत्येकी एक शहाळं. जमलेल्यांतल्या चौघी-पाचजणींची मूत्रपिंडं ल्युपसनं अधू झालेली. मूत्रपिंड नीट चालत नसलं की रक्तात पोटॅशियम साठतं, त्याचा थेट हृदयावर परिणाम होतो. म्हणून डॉक्टर अशा रुग्णांना बजावतात, केळं नको, शहाळं तर नकोच. त्या बायांनी फोटोपुरती टोपली हातात धरली आणि दाराबाहेर रिक्षावाल्याला देऊन टाकली. हा खर्च ताळेबंदात कुठे आहे? रुग्णसेवा. शंभर टक्के थेट रुग्णापर्यंत पोचलेला पैसा! आपल्या वाचकाच्या मापानं मोजलं तर केळी पास आणि वहिनी नापास.

मी टीका म्हणून लिहीत नाही. फळं देणाऱ्याची भावना चांगलीच होती. पण द्यायच्या आधी कुणीतरी त्यांना सांगायला हवं होतं, आणि ते सांगणारं माणूस ठेवायला पैसे लागतात.

व्हीलचेअरचंही असंच. आमच्या भाड्याच्या खोलीत सध्या घडी घातलेल्या व्हीलचेअर भिंतीला टेकून उभ्या आहेत. प्रत्येकीच्या पाठीवर दात्याचं नाव ठळक रंगात. आमच्या सभासदांत व्हीलचेअर लागणारी माणसं मोजकी. ल्युपसच्या बाईला व्हीलचेअर नको असते. तिला दर काही महिन्यांनी रक्त-लघवीची तपासणी आणि वर्षाला डोळ्यांच्या पडद्याची तपासणी हवी असते, कारण ल्युपसवरची हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ही गोळी वर्षानुवर्षं घेतल्यावर पडद्याला इजा होऊ शकते. पण डोळ्याच्या तपासणीवर दात्याचं नाव रंगवता येत नाही.

एका कंपनीच्या अधिकाऱ्यांकडे सचिवाबरोबर मीही गेलो होतो. कंपनीचं नाव नको. खोली थंडगार, चहा चांगला, माणूसही सज्जन. आम्ही मागितलं काय, तर वहिनींचा पगार आणि त्यांच्या हाताखाली एक शिकाऊ मुलगी, दोन वर्षांसाठी. साहेब म्हणाले, पगाराला देता येत नाही, कायद्यात प्रशासकीय खर्चाला पाच टक्क्यांची मर्यादा आहे. व्हीलचेअर घ्या, डझनभर लगेच मंजूर करतो.

माझी नोकरी नियम वाचण्यात गेली, त्यामुळे राहवलं नाही. कंपनी कायदा २०१३, कलम १३५. मोठ्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायचे. २०२१ च्या सुधारित नियमांत पाच टक्क्यांची मर्यादा आहे, हे खरं. पण ती कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चाला आहे, म्हणजे त्या साहेबांच्या विभागाचा कारभार चालवायला जो खर्च येतो त्याला. प्रत्यक्ष प्रकल्प राबवण्याचा खर्च त्या व्याख्येतून त्याच नियमानं वगळलेला आहे. रुग्णांना फोनवर मार्गदर्शन हाच प्रकल्प असेल, तर फोनवर बोलणाऱ्या बाईचा पगार प्रकल्पखर्च नाही तर काय? साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘काका, तुमचं बरोबर असेल, पण आमची पॉलिसी तशी नाही.’ काकांनी चहा संपवला. परत येताना सचिव बसमध्ये उभाच होता, मी बसलो होतो, दोघेही काही बोललो नाही.

आपल्या वाचकाला वाटतं की कचेरीचं काम म्हणजे खुर्ची उबवणं. त्यांनी एकदा आमचं टेबल बघावं. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली दर वर्षी सर्वसाधारण सभेनंतर चौदा दिवसांत कार्यकारिणीची यादी निबंधकांकडे द्यायची. सभेला गणपूर्ती हवी. आमची गणपूर्ती कधी होईल ते कुणाच्या सांध्यांना सूज आहे यावर ठरतं. पावसाळ्यात तर सभा लावायचीच नाही असा आमचा अलिखित नियम. आयकराची १२ए (संस्थेला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) ही प्रमाणपत्रं एकदा मिळाली की जन्माची, असं पूर्वी होतं. २०२१ पासून त्यांना मुदत आली, नव्यानं अर्ज करत राहायचं. प्रत्येक देणगीदाराचा पॅन घेऊन ३१ मेपर्यंत देणग्यांच्या तपशिलाचा फॉर्म भरायचा. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये शुल्क. रोख दोन हजारांच्या वर दिले तर देणगीदाराला करात सूट नाही, हे प्रत्येकाला समजावून सांगायचं आणि ‘आमच्यावर विश्वास नाही का?’ हे ऐकून घ्यायचं. कंपनीचा पैसा हवा असेल तर आणखी सीएसआर-१ ची नोंदणी. कायदा वाईट आहे असं मी म्हणणार नाही. खोट्या संस्था खूप झाल्या, चाळण लागणारच. पण मोठ्या इस्पितळाच्या ट्रस्टला आणि आमच्या दोन टेबलांच्या खोलीला चाळण एकच आहे. ट्रस्टकडे सीए आहेत. आमच्याकडे मी, आणि माझ्याकडे मोतीबिंदू.

पहिल्या सचिवबाई प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. संस्था त्यांनीच उभी केली. ल्युपसनं मूत्रपिंडं निकामी झाली आणि डायलिसिस चालू असतानाच एका पावसाळ्यात त्या गेल्या. शेवटपर्यंत इस्पितळातल्या खाटेवरून मोबाईलवर अर्ज भरत होत्या. त्या गेल्यावर कळलं की आयकराच्या पोर्टलचा पासवर्ड, ईमेल, डिजिटल सहीचं ते पेनड्राइव्हसारखं यंत्र, सगळं त्यांच्या एकटीच्या नावावर. त्यांच्या यजमानांकडे दिवसकार्य आटोपायच्या आत ‘ताईंचा लॅपटॉप बघू का’ म्हणून विचारायला आम्ही गेलो. त्या माणसानं काही न बोलता पिशवी आणून दिली, आत चार्जरसुद्धा नीट गुंडाळून ठेवलेला. फुकट काम करणाऱ्या आजारी माणसावर अख्खी संस्था टांगली की हे असं होतं. मी विनावेतन काम करतो याचा अभिमान नाही म्हटलं, ते याचसाठी. उद्या मी गेलो की हिशेबाचं काय, याचं उत्तर आमच्याकडे नाही.

‘सेवा’ आणि ‘पैसा’ यांचं वाकडं आहे असं आपण धरून चालतो. आपल्या गावच्या उत्सवातलं नाटक घ्या. नट सगळे हौशी, पदरमोड करून तालमी करतात. पण मेकअपवाला, पडदेवाला, ऑर्गन वाजवणारा, लाइटवाला यांची बिदागी ठरलेली असते, आणि ती दिल्याशिवाय पडदा वर जात नाही. म्हणून त्या नाटकाला कोणी धंदेवाईक म्हणतं का? रुग्णांच्या संस्थेनं मात्र ऑर्गनही फुकट वाजवायचा, तोही सुजलेल्या बोटांनी.

मार्च २०२० आठवावा. आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेनं कोविडच्या प्रतिबंधासाठी आरोग्य कर्मचाऱ्यांना आणि बाधितांच्या घरच्यांना हायड्रॉक्सिक्लोरोक्विनची शिफारस केली आणि दुसऱ्या दिवसापासून औषधाच्या दुकानांतून ही गोळी गायब. अमेरिकेचे अध्यक्ष टीव्हीवर तिचे गोडवे गात होते, आपल्याकडे धडधाकट माणसं पाकिटंच्या पाकिटं घरात भरत होती. त्याच महिन्यात सरकारनं ती एच-१ अनुसूचीत घातली. म्हणजे चिठ्ठीशिवाय विक्री बंद आणि दुकानदारानं नोंदवहीत नाव लिहायचं. ठीकच. पण ल्युपसची बाई ही गोळी रोज घेते, वर्षानुवर्षं. तिची चिठ्ठी जुनी, डॉक्टर बांबोळीला, आणि टाळेबंदी अशी की गोव्यात सुरुवातीचे काही दिवस किराणासुद्धा मिळत नव्हता.

त्या आठवड्यांत वहिनींनी दोनशे पानी वही घातली. नाव, गाव, शिल्लक गोळ्या, मूत्रपिंडाचा त्रास आहे का, गरोदर आहे का. गरोदरपणातही ही गोळी चालू ठेवायची असते, हे पुष्कळांना माहीत नसतं, भिऊन बंद करतात. वाळपईकडची एक मुलगी सातव्या महिन्यात होती, तिच्याकडे चारच दिवसांच्या गोळ्या. पेडण्याच्या एका बाईकडे दोन महिन्यांचा साठा. डॉक्टरांना फोनवर विचारून, त्यांच्याकडून चिठ्ठीचा फोटो मागवून, पेडण्याच्या बाईंनी निम्म्या गोळ्या काढून दिल्या. नेणार कोण? सचिवानं एका दुधाच्या टेम्पोवाल्याला गाठलं. गोळ्या म्हापशापर्यंत एका टेम्पोतून, तिथून डिचोलीला दुसऱ्या, पुढे पंचायतीच्या पंचांनी स्कूटरवरून नेल्या. असं कितीतरी जणींचं केलं. अध्यक्षबाई स्वतःच्या गोळ्या एक दिवसाआड घ्यायला लागल्या आहेत हे वहिनींना कळलं, तेव्हा त्यांनी फोनवर अध्यक्षबाईंना असं झापलं की विचारू नका. काही महिन्यांतच मोठ्या चाचण्यांतून दिसलं की कोविडवर या गोळीचा उपयोग नाही. पण त्याआधीचे दिवस ज्यांनी काढले त्यांनी काढले.

त्या वर्षाचा ताळेबंद काढून बघितला तर रुग्णसेवेच्या रकान्यात जवळपास काहीच नाही. शिबिर नाही, वाटप नाही, मेळावा नाही. फोनचं बिल आणि पगार तेवढे आहेत. आमच्या लेखापरीक्षकांनी विचारलंसुद्धा, यंदा काम काही झालं नाही वाटतं? मी ती दोनशे पानी वही त्यांच्यापुढे ठेवली. भला माणूस, त्यांनी अर्धी वही वाचली आणि त्या वर्षीची फी घेतली नाही. (या उपकाराची नोंद कुठल्या रकान्यात करायची हा प्रश्न पुन्हा माझ्यासमोर होताच.)

कचेरीच्या कामातून काय निघतं हे मोठ्या नकाशावरही बघता येतं. हिमोफिलियाचे (रक्त नीट न गोठण्याच्या आजाराचे) रुग्ण असलेल्या अशोक बहादूर वर्मांनी १९८३ साली आपल्यासारख्यांची देशपातळीवरची संघटना उभी केली. मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजाराच्या लोकांची संस्था मुंबईत १९८५ ची. १९९५ च्या अपंगांविषयीच्या कायद्यात सातच प्रकार होते. २०१६ च्या कायद्यात ते एकवीस झाले. हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकलसेल, मल्टिपल स्क्लेरोसिस, पार्किन्सन्स हे सगळे त्यात आले. ते काही आपोआप आले नाहीत. वर्षानुवर्षं निवेदनं लिहिणारी, समित्यांपुढे बसणारी, खासदारांच्या दारात ताटकळणारी माणसं त्यामागे होती आणि त्यांतली बरीच स्वतः आजारी होती. ल्युपसचं नाव त्या एकविसांत नाही. आमवातही नाही. बोटं वाकडी झाली, चालणं अधू झालं, तर हालचालीचं अपंगत्व म्हणून दाखला मिळू शकतो, आणि त्यावरच्या सवलती बहुतेक चाळीस टक्के भरले तरच. पण ज्या बाईचे सांधे सरळ आहेत आणि जिला थकव्यानं दुपारनंतर उभं राहवत नाही, ती कुठल्याच टक्क्यात बसत नाही. तिच्यासाठी निवेदन लिहायचंय. मराठीत, इंग्रजीत, डॉक्टरांची मतं जोडून. तेही अर्थात प्रशासकीय खर्चात जाईल.

आपल्या राज्याबद्दल कृतज्ञता नोंदवायला हवी. गोमेकॉ आहे, जिल्हा इस्पितळं आहेत, २०१६ पासून दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. लहान राज्य असल्यानं मंत्र्याला गाठणंही दुसरीकडच्यापेक्षा सोपं. पण ही योजना मुख्यतः इस्पितळात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांना धरून आहे. आमची माणसं वर्षातले बहुतेक दिवस इस्पितळात नसतात. ती घरी असतात, रांधतात, मुलांचा अभ्यास घेतात, आणि रोजची गोळी आज परवडेल का याचा हिशेब करतात.

आणि देणग्या आटल्याचं कारणही सांगतो, कारण आमच्याबद्दल ‘मोठ्या लोकांचा पैसा’ असा समज आहे. डिचोली-सत्तरीत जो काही पैसा खेळायचा तो खाणींचा. ट्रकवाले, बार्जवाले, गॅरेजवाले चवथीच्या आधी स्वतः बोलावून पाचशे-हजार द्यायचे, पावतीही मागायचे नाहीत. २०१२ साली खाणी थांबल्या, मध्ये थोड्या चालल्या, मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पुन्हा बंद पडल्या. त्यांतले एक ट्रकमालक आता स्वतः आमच्या यादीत आहेत, पत्नीच्या औषधासाठी. तेव्हा कंपन्यांकडे जाण्यावाचून इलाज नाही, आणि कंपन्यांना हव्या असतात रॅल्या. १० मे हा जागतिक ल्युपस दिन. एकांनी सुचवलं, त्या दिवशी सकाळी डिचोलीच्या मैदानावरून जांभळे टी-शर्ट घालून रॅली काढू, टी-शर्ट-टोप्या आमच्या. मे महिन्यातलं गोव्यातलं ऊन, आणि ऊन ज्यांना वर्ज्य अशा बायका! अध्यक्षबाई म्हणाल्या, सभागृहात करू, संध्याकाळी. कंपनीवाल्यांना सभागृहात फोटो नीट येत नाही म्हणून नको होतं. कार्यक्रम बारगळला.

शाल-श्रीफळांबद्दलही सांगून टाकतो. आमच्या अध्यक्षबाईंचा सत्कार करायला मंडळांना फार आवडतं. भाषणांत त्यांना ‘देवमाणूस’ म्हणतात. गोव्याच्या उकाड्यात शाल पांघरून त्या तासभर बसतात, घरी येऊन दोन दिवस पडून राहतात, आणि त्या दोन दिवसांचं शिवण बुडतं. बिदागी म्हणून पाकीट द्यायचं कुणाला सुचत नाही, देवमाणसाला पाकीट कसं द्यायचं! सत्कार करू नका असं मी म्हणत नाही. पण शालीऐवजी त्यांच्या बुडालेल्या शिवणाचे पैसे दिलेत तर त्या नाही म्हणणार नाहीत. मी विचारून लिहितोय.

माझी मागणी मोठी नाही. देणगी देताना ‘फक्त रुग्णांसाठी’ अशी अट घालू नये, किंवा घालायचीच असेल तर फोन उचलणारी माणसंही रुग्णच आहेत हे ध्यानात ठेवून घालावी. ज्या कंपन्यांच्या अर्जात ‘पगार: लागू नाही’ असं आधीच छापलेलं असतं, त्यांनी २०२१ चे नियम आपल्या सीएकडून एकदा वाचून घ्यावेत. आणि आमचा हिशेब ज्यांना बघायचा आहे, त्यांनी खुशाल येऊन बघावा. ताळेबंद, व्हाउचरं, ती दोनशे पानी वहीसुद्धा, तिच्यातली नावं झाकून.

शिकाऊ मुलगी आम्हाला मिळाली आहे. बारावी झालेली, मराठी-कोकणी दोन्ही टायपिंग येतं, पोर्टलवर फॉर्म भरायला माझ्यापेक्षा कितीतरी चपळ. तिलाही आमवात आहे, विसाव्या वर्षी. वहिनी तिला फोनवर काय विचारायचं ते शिकवतात, पहिला धडा वार विचारायचा. तिच्या पगाराची सोय येत्या मार्चपर्यंत आहे. एप्रिलपासूनचं अजून जमलेलं नाही.

आपला नम्र,
एका रुग्ण-संस्थेचा खजिनदार
डिचोली, गोवा